जनक, अपत्य आणि सामायिक स्मृती : संगणकीय परिभाषेतील एका रूपकाची चिकित्सा

१

एखाद्या शास्त्राची परिभाषा सिद्ध होऊ लागली की तिच्यात नात्यागोत्याचे शब्द आपोआप शिरतात. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला याचा अनुभव घरचाच आहे. भाषांचे ‘कुल’, ‘भगिनी-भाषा’, ‘मूळ जननी’ हे शब्द एकोणिसाव्या शतकापासून त्या शास्त्रात रूढ झाले; त्यांनी भाषांच्या ऐतिहासिक संबंधांवर जसा प्रकाश टाकला तसेच काही संबंध दृष्टिआडही केले. माता असताना कन्या जिवंत असते. परंतु ‘जननी’ म्हटलेली भाषा कन्याभाषांच्या रूपाने केवळ बदललेली असते, ही साधी गोष्ट त्या रूपकामुळे दीर्घकाळ अस्पष्ट राहिली. रूपक परिभाषेत शिरले की ते रूपक आहे याचा विसर पडतो, आणि त्यानंतरच ते खरी फसवणूक करू लागते.

संगणकाच्या कार्यप्रणालींमध्ये असेच एक रूपक गेली काही दशके वावरत आहे. संगणकाला जोडलेल्या उपकरणाशी व्यवहार करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘डिव्हाइस ड्रायव्हर’ म्हणतात. पुष्कळदा एकाच चकतीवर अनेक कामे एकत्र आलेली असतात : कालमापन, तापमानाची नोंद, विद्युत्पुरवठ्याचे नियमन, बाह्य तारांचे नियंत्रण. अशा चकतीसाठी एक ‘जनक’ ड्रायव्हर आणि प्रत्येक कामासाठी एकेक ‘अपत्य’ ड्रायव्हर अशी रचना करण्याची पद्धत आहे. चकतीची सर्व नियंत्रणस्थाने, म्हणजे रजिस्टरे, पत्त्यांच्या एकाच सलग पट्ट्यात असतात. मग या पट्ट्यातील कोणता भाग कोणाचा, तो कोणी मागून घ्यावयाचा आणि दोघांनाही एकच जागा हवी असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न उभा राहतो. लिनक्स या कार्यप्रणालीने या प्रश्नाचे उत्तर ज्या शब्दांत दिले आहे, त्या शब्दांची परीक्षा येथे करावयाची आहे. ही परीक्षा केवळ शब्दकोशापुरती नाही. येथे शब्द चुकीचा समजला गेला तर यंत्र चालू होत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते चालू होते आणि कधीतरी अकल्पितपणे चुकते.

२

प्रथम ‘स्मृती’ या शब्दाचाच विचार केला पाहिजे. उपकरणांची रजिस्टरे संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रियकाला स्मृतीतील पत्त्यांसारखी दिसतात. म्हणून त्या पट्ट्याला स्मृतिसाधन म्हणण्याचा प्रघात पडला. परंतु स्मृतीचे लक्षण काय? जे ठेवले ते पुन्हा मिळावे, आणि पाहिल्याने त्यात बदल होऊ नये. उपकरणाच्या रजिस्टराला ही दोन्ही लक्षणे लागू पडतीलच असे नाही. संगणकाच्या क्रमिक द्वारासाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या १६५५० या चकतीचे उदाहरण घेता येईल. तिच्या एकाच पत्त्यावर लिहिले असता अक्षर बाहेर पाठविले जाते आणि वाचले असता बाहेरून आलेले अक्षर हाती येते. लिहिलेले तेथे वाचावयास मिळत नाही. आणि वाचलेले अक्षर रांगेतून निघून जाते, ते दुसऱ्याने पुन्हा वाचू म्हटल्यास सापडत नाही.

म्हणजे ज्याला ‘स्मृतीची वाटणी’ म्हटले जाते ती वस्तुतः स्मृतीची वाटणी नसते. ती कृतीच्या अधिकाराची वाटणी असते. शेताचा तुकडा दोघांनी पाहिला म्हणून तो कमी होत नाही. परंतु विहिरीतील बादली एकाने ओढली तर ती दुसऱ्याला मिळत नाही. रजिस्टर हे शेतापेक्षा विहिरीच्या जवळचे आहे. ‘स्मृती’ हा शब्द मात्र शेताचे चित्र उभे करतो, आणि पुढील सर्व गोंधळाचे बीज या पहिल्या चित्रात आहे.

३

आता ‘जनक’ या शब्दाकडे वळू. लिनक्सच्या कर्नेलमध्ये या नावाची दोन भिन्न नाती आहेत आणि ती निरनिराळ्या काळी तेथे आली. साधनांचा वृक्ष रचणारा भाग १९९९ सालचा आहे. लिनस टोरवाल्ड्स आणि मार्टिन मारेस यांची नावे त्यावर आहेत. त्यात प्रत्येक साधनाच्या नोंदीला जनक, सहोदर आणि अपत्य असे तीन दुवे असतात. येथे ‘जनक’ म्हणजे पत्त्यांचा मोठा पट्टा आणि ‘अपत्य’ म्हणजे त्याच्या पोटातील लहान पट्टा. पुढे २.५ या विकासमालिकेत उपकरणांची एकत्रित रचना तयार झाली आणि डिसेंबर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.६ या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली. तिच्यातही प्रत्येक उपकरणाला ‘जनक’ आहे. पण येथे जनक म्हणजे ज्याच्याद्वारे हे उपकरण प्रणालीला कळले आणि ज्याच्यावर त्याचे अस्तित्व अवलंबून आहे ते उपकरण.

वाक्यरचनेच्या अभ्यासकाला हा भेद चटकन ओळखू येईल. पहिला वृक्ष घटकरचनेचा आहे, दुसरा अवलंबनाचा. अव्यवहित घटकांच्या विश्लेषणात मोठा घटक लहान घटकांना सामावून घेतो आणि दोन घटक एकमेकांना अर्धवट छेदू शकत नाहीत. लिनक्सच्या साधनवृक्षाचाही नेमका हाच नियम आहे. एक पट्टा दुसऱ्याच्या पूर्णपणे आत असू शकतो किंवा पूर्णपणे बाहेर. अर्धा आत आणि अर्धा बाहेर अशी नोंद तो वृक्ष स्वीकारत नाही. याउलट तेन्येर याच्या १९५९ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील वाक्यवृक्षात क्रियापद कर्त्याला ‘सामावून’ घेत नाही. कर्ता क्रियापदावर अवलंबून असतो, इतकेच. कोणाही विद्यार्थ्याने या दोन वृक्षांतील रेषांना एकच अर्थ दिला तर त्याचे विश्लेषण पहिल्याच वाक्यात कोसळेल. कर्नेलमध्ये हे दोन वृक्ष शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोन्हींतील रेषेचे नाव एकच आहे.

यावर अभियंत्यांचा एक आक्षेप संभवतो. नाव हे यादृच्छिक असते; यंत्र नावावर चालत नाही, दुव्यावर चालते. आक्षेपाचा पूर्वार्ध सोस्यूरच्या सिद्धान्तासारखा दिसतो. परंतु सर्वच चिन्हे सारखी यादृच्छिक नसतात, काही सापेक्षतः सप्रयोजन असतात, हेही सोस्यूरनेच सांगितले आहे. ‘जनक’ हे नाव अशा सप्रयोजन चिन्हांपैकी आहे. ते निवडले गेले ते वाचणाऱ्याच्या मनातील कुटुंबाच्या ज्ञानाचा उपयोग व्हावा म्हणून. तेव्हा त्या ज्ञानातील कोणता भाग लागू आणि कोणता गैरलागू हे सांगण्याची जबाबदारी नाव देणाऱ्यावर येते. आक्षेपाच्या उत्तरार्धाविषयी इतकेच म्हणता येईल की यंत्र दुव्यावर चालते हे खरे. पण दुवा कोठे जोडावयाचा हे माणूस ठरवितो आणि माणूस नावावर चालतो.

४

हे नाव कसे चकवते ते एका नमुनेदार प्रसंगावरून दिसेल. समजा, ४०९६ बाइटांचा एक पट्टा एका बहुकार्यी चकतीचा आहे. जनक ड्रायव्हर लिहिणारा तो संपूर्ण पट्टा रीतसर मागून घेतो आणि तो वापरासाठी खुला करतो. मग तो अपत्यांची नोंदणी करतो. प्रत्येक अपत्याच्या नोंदीत जनकाच्या पट्ट्याच्या आरंभापासून किती अंतरावर त्याचा भाग आहे हे लिहिलेले असते. नोंदणी सुरळीत पार पडते आणि अपत्याचा पट्टा साधनवृक्षात जनकाच्या पट्ट्याखाली दिसूही लागतो. नंतर अपत्याचा ड्रायव्हर आपला भाग मागावयास जातो आणि त्याला नकार मिळतो. नकाराचा संकेतांक उणे १६. अर्थ, जागा ‘व्यग्र’ आहे. ज्याच्या नावाची नोंद घरात आहे त्याला घरात प्रवेश नाही, अशी ही अवस्था होय.

लिहिणाऱ्याची अपेक्षा अशी होती की बापाने घेतले म्हणजे मुलाचे झालेच. मराठी वाचकाला ही अपेक्षा परकी वाटणार नाही. मिताक्षरेच्या मते वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. जीमूतवाहनाच्या दायभागाप्रमाणे तो पित्याच्या मृत्यूनंतर येतो. ड्रायव्हर लिहिणारा नकळत मिताक्षरावादी असतो. परंतु कर्नेलला यांपैकी एकही मत मान्य नाही. तेथे अपत्याला जन्माने हक्क मिळत नाही. आणि जनकाच्या मृत्यूनंतर मिळण्याचा प्रश्नच नाही, कारण उपकरणांच्या व्यवस्थेत अपत्याला नेहमी जनकाच्या आधी निवृत्त व्हावे लागते. जनक गेला आणि अपत्य उरले ही तेथे मिळकतीच्या वारशाची नव्हे, अपघाताची स्थिती समजली जाते. ज्या नात्यात वारसाच नाही त्याला पिता-पुत्रांचे नाव द्यावे, यातच रूपकाचा मूलभूत विसंवाद आहे.

गोंधळाचे दुसरे कारण क्रियापदांत आहे. या व्यवहारात तीन वेगवेगळ्या क्रिया घडतात. पहिलीत साधनाची वृक्षात नोंद होते. दुसरीत ड्रायव्हर तो पट्टा मागून घेतो आणि त्यावर ‘व्यग्र’ अशी खूण लागते. तिसरीत त्या पट्ट्याकडे जाण्याची वाट प्रोग्रॅमसाठी उघडली जाते. मराठीत जमिनीच्या व्यवहाराने या तिन्हींसाठी शतकानुशतके वापरलेले शब्द तयार आहेत : नोंद, ताबा आणि वहिवाट. सातबाऱ्यावर नाव एकाचे, ताबा दुसऱ्याचा आणि वहिवाट तिसऱ्याची असू शकते, हे खेड्यातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. नोंद झाली म्हणजे ताबा मिळाला असे नव्हे. आणि ताब्याशिवाय वहिवाट चालू असेल तर ती आज ना उद्या तंट्याला कारण होईल, हेही तो जाणतो.

कर्नेलच्या परिभाषेत दुसऱ्या क्रियेला ‘मागणे’ म्हटले आहे. मागणे हा शब्द नम्र आहे, पण क्रिया नम्र नाही. ती यशस्वी झाली की इतरांचा मार्ग बंद होतो. ‘व्यग्र’ ही खूणही तशीच दिशाभूल करते. जागा कामात गुंतलेली आहे, थोडा वेळ थांबल्यास मोकळी होईल, असा तिचा सहज अर्थ होतो. वस्तुतः ती खूण कामाची नसून ताब्याची आहे आणि ताबा सोडीपर्यंत ती तशीच राहते. याशिवाय ‘अनन्य’ अशी एक निराळी खूण आहे. ती भावंडांना दूर ठेवण्यासाठी असावी असे नावावरून वाटते. परंतु तिचा अर्थ वापरकर्त्याच्या बाजूच्या प्रोग्रॅमांनी तो पट्टा थेट आपल्याकडे जोडून घेऊ नये इतकाच आहे. कोणापासून अनन्य, हे नाव सांगत नाही. त्यातच सोयीसाठी ताबा आणि वहिवाट या दोन्ही क्रिया एकाच हाकेत उरकणारी जोडक्रिया उपलब्ध आहे. ती वापरणाऱ्याच्या मनात दोन क्रियांमधील सीमारेषाच उरत नाही.

नकार मिळाल्यावर योजला जाणारा एक उपाय तर विशेष चिंतनीय आहे. अपत्याचा ड्रायव्हर ताबा मागणे सोडून देतो आणि थेट वहिवाट सुरू करतो. कर्नेल त्याला अडवीत नाही. यंत्र चालू होते. पण आता साधनांची यादी वाचणाऱ्याला त्या जागेत जनकाचेच नाव दिसते. तेथे प्रत्यक्ष कोण राबतो आहे हे कोठेच लिहिलेले नसते. नोंदवही सत्य सांगत नाही अशी ही स्थिती आहे, आणि ज्या व्यवस्थेचे सारे प्रयोजनच नोंदवहीने सत्य सांगावे हे आहे, तिच्या दृष्टीने हा दोष नकारापेक्षा मोठा मानला पाहिजे.

५

परिभाषा कितीही शुद्ध केली तरी एक अडचण उरतेच. तीही पाहिली पाहिजे. वाटणीला एकक लागते आणि येथे तीन एकके एकमेकांशी जुळत नाहीत. साधनवृक्षाचे एकक बाइट आहे. वाट उघडण्याचे एकक यंत्ररचनेमुळे पृष्ठ हे असते, बहुधा ४०९६ बाइटांचे. आणि प्रत्यक्ष अधिकाराचे एकक पुष्कळदा एकच बिट असते. एकाच ३२ बिटांच्या रजिस्टरात तिसरे बिट घड्याळाचे आणि सातवे बिट विद्युत्पुरवठ्याचे, अशी रचना सर्रास आढळते. एक बिट बदलण्यासाठी ड्रायव्हर संपूर्ण रजिस्टर वाचतो, आपले बिट बदलतो आणि संपूर्ण रजिस्टर परत लिहितो. या वाचन-लेखनाच्या दरम्यान दुसऱ्या भावंडाने तेच केले तर दोघांपैकी एकाचा बदल नाहीसा होतो. येथे कोणाची जागा कोणती हे कितीही काटेकोरपणे ठरविले तरी उपयोग नाही. कारण जागा निराळी असूनही कृती समाईक आहे.

या अडचणीची तीन उत्तरे व्यवहारात सापडतात. पहिले, खऱ्याखुऱ्या वाटणीचे : जनकाने संपूर्ण पट्टा ताब्यात न घेता केवळ आपल्या रजिस्टरांचा भाग घ्यावा आणि उरलेला अपत्यांनी आपापला मागावा. जेथे भाग स्वच्छ वेगळे आहेत तेथे हे उत्तम. दुसरे, पाळीचे : पट्टा अल्पकाळ घ्यावा, काम उरकावे आणि सोडावा; दुसरा आला तर त्याला नकार न देता थांबवून ठेवावे. संगणकाच्या मुख्य फलकावरील ‘सुपर आय्-ओ’ चकतीची दोन संकेतद्वारे तापमापन, पहारा-घड्याळ इत्यादींचे अनेक ड्रायव्हर वापरतात. अशांसाठी २०१० मध्ये कर्नेलमध्ये ही सोय आली. पाटाच्या पाण्याची पाळी ज्याने पाहिली आहे त्याला तिचे तत्त्व समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. त्यात पट्ट्याची वाटणी होतच नाही. पट्टा जनकाकडेच राहतो आणि अपत्य त्याच्याकडे कृतीची मागणी करते : अमुक रजिस्टरातील अमुक बिटे अशी कर. वाचणे, बदलणे आणि लिहिणे या तिन्ही पायऱ्या एकाच कुलुपाआड पार पडतात. २०११ मध्ये कर्नेलमध्ये आलेली ‘रेगमॅप’ ही रचना आणि तिच्या आधारे २०१२ मध्ये आलेली ‘सिसकॉन’ ही सोय या तत्त्वावर उभी आहे. परिभाषेच्या दृष्टीने येथे एक मोठे स्थित्यंतर घडले आहे. पूर्वीची सारी भाषा नामांची होती : साधन, पट्टा, भाग, जनक, अपत्य. नवी भाषा क्रियापदांची आहे : वाच, लिही, बिटे बदल. दुसऱ्या विभागात म्हटल्याप्रमाणे रजिस्टर हे मुळात स्मृती नसून कृतीचे स्थान आहे. तेव्हा व्यवहाराने अखेर वस्तुस्थितीला जुळणारे व्याकरण शोधून काढले, असे म्हणावयास हरकत नाही. खेदाची गोष्ट इतकीच की शब्दसंग्रह जुनाच राहिला.

६

हे दोष अपरिहार्य नव्हते, हे अन्य व्यवस्थांकडे पाहिले असता दिसते. विंडोजमध्ये साधनाच्या वर्णनाबरोबर त्याच्या भागीदारीचा प्रकार लिहावा लागतो आणि त्याचे चार पर्याय आहेत : अनिश्चित, एका उपकरणापुरते अनन्य, एका ड्रायव्हरपुरते अनन्य आणि सामायिक. अनन्यता कोणाच्या नावे आहे हे येथे संज्ञेतच सांगितले आहे. आणि ‘अनिश्चित’ हा पर्याय ठेवण्यात जो प्रामाणिकपणा आहे तोही लक्षणीय आहे. बहुकार्यी उपकरणांसाठी तेथे जो सर्वसाधारण ड्रायव्हर आहे, त्याला जनकाच्या यादीतील अमुक क्रमांकाचे साधन अपत्याचे, असे सांगता येते. किंवा त्या साधनाचा आरंभ आणि लांबी देऊन केवळ एक भाग नेमून देता येतो. नियमन मात्र पूर्णपणे वरून खाली येणारे असल्याने ही भाषा काहीशी सरकारी आदेशासारखी आहे, हा तिचा दोष. पण ती संदिग्ध नाही.

दुसरे उदाहरण उपकरणवृक्षाच्या वर्णनभाषेचे. तिची परंपरा १९९४ च्या ‘ओपन फर्मवेअर’ या प्रमाणित रचनेपर्यंत मागे जाते आणि लिनक्स आज ती मोठ्या प्रमाणावर वापरते. तिच्यात अपत्याचे पत्ते जनकाच्या पत्त्यांत कसे रूपांतरित करावयाचे हे एका गुणधर्माने सांगितले जाते. तो गुणधर्म लिहिला पण रिकामा ठेवला, तर दोघांचे पत्ते एकच, असा अर्थ होतो. तो मुळीच लिहिला नाही, तर दोहोंत रूपांतर नाही, म्हणजे अपत्याकडे जावयाचे तर जनकामार्फतच, असा अर्थ होतो. रिक्त असणे आणि अनुपस्थित असणे यांत अर्थभेद मानणारी ही रचना पाणिनीय परंपरेत वाढलेल्या अभ्यासकाला आश्चर्याची वाटू नये. लोप म्हणजे अभाव नव्हे. लोप झालेल्या प्रत्ययाची जागा असते आणि ती कार्य करते. या एका सूक्ष्म भेदाने वर्णनभाषेने ते सांगितले आहे जे ‘जनक-अपत्य’ या शब्दांना सांगता येत नाही : अपत्याला स्वतःची जमीन आहे, की ते जनकाच्या दारातून आत जाते.

७

या चिकित्सेतून मराठी परिभाषेपुरता काय निष्कर्ष निघतो? १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यापासून महाराष्ट्रात परिभाषानिर्मितीचे पुष्कळ काम झाले आणि अनेक शास्त्रांचे कोश उपलब्ध झाले. परंतु इंग्रजी शब्दासमोर एक मराठी शब्द ठेवणे हीच परिभाषा, ही समजूत अजून गेलेली नाही. त्या पद्धतीने लिनक्समधील दोन्ही ‘पेरेंट’ शब्दांना ‘जनक’ हाच प्रतिशब्द मिळेल आणि मूळचा गोंधळ जसाच्या तसा मराठीत उतरेल. परक्या भाषेतील संज्ञा आपल्या भाषेत आणण्याचा एकच खरा लाभ असतो. तो म्हणजे मुळात जे विचारावयाचे राहून गेले ते विचारण्याची संधी. ती संधी येथे घेता येईल.

उपकरणांच्या वृक्षातील नात्याला ‘जनक’ आणि ‘अपत्य’ हे शब्द ठेवावेत. कारण तेथे एकाच्या द्वारे दुसऱ्याचे अस्तित्व प्रणालीला कळते. मात्र वारसा हा त्यांच्या अर्थाचा भाग नाही, हे व्याख्येतच सांगावे. साधनांच्या वृक्षासाठी न्यायदर्शनाने घडविलेली ‘व्यापक’ आणि ‘व्याप्य’ ही जोडी अधिक योग्य आहे; तिच्यात समावेश आहे, पण हक्काचा वास नाही. आणि तिन्ही क्रियांसाठी नोंद, ताबा आणि वहिवाट हे शब्द कोणत्याही संस्कृतोद्भव नवनिर्मितीपेक्षा सरस ठरतील. कारण त्यांच्यातील भेद मराठी समाजाने खटल्यांत आणि भाऊबंदकीत भरपूर किंमत मोजून शिकलेला आहे.

जनकाने सर्व पट्टा घेतला आणि अपत्याला नकार मिळाला, हा प्रसंग या शब्दांत मांडून पाहावा. व्यापकाचा ताबा असताना व्याप्याची नोंद झाली. परंतु नोंदीने ताबा मिळत नाही. तेव्हा व्यापकाने ताबा आपल्या गरजेपुरता आखडता घ्यावा, किंवा जनकाने अपत्याच्या वतीने कृती करावी. ताब्यावाचून वहिवाट मात्र कोणी करू नये. हे वाक्य संगणकशास्त्राचा विद्यार्थी आणि गावकामगार तलाठी या दोघांनाही थोड्याफार फरकाने समजेल. मूळ परिभाषेत तेच सांगावयास एक परिच्छेद लागतो आणि तरीही वाचणारा चुकतो. परिभाषेची कसोटी याहून निराळी असण्याचे कारण नाही.